सॅकची चलती कशाने झाली?

जून महिन्यात शाळा उघडल्या की सकाळच्या वेळी शिराळ्याच्या एस.टी. स्टँडवर जरा उभे राहून पाहावे. कोकरूड, चरण, आरळा या बाजूच्या गाड्या येऊन लागतात आणि पोरांचा लोंढा खाली उतरतो. गणवेश निरनिराळ्या शाळांचे, पायांतले चप्पल-बूट ज्याच्या त्याच्या ऐपतीचे. पण पाठीवर मात्र सर्वांच्या एकच वस्तू. दोन पट्ट्यांची, चेनची, फुगीर सॅक. पोरांचे सोडा. बँकेतले कारकून, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, गवंड्याच्या हाताखाली जाणारे मजूर, सारेच डबा-पाणी सॅकमध्ये घालून निघतात. चाळीस वर्षांपूर्वी याच स्टँडवर पाठीला पिशवी लावलेला माणूस दिसला, तर तो एकतर रजेवर आलेला फौजी असे, नाहीतर किल्ले चढायला निघालेला पुण्या-मुंबईचा पोरगा.

हा फरक कसा पडला, हा प्रश्न कापडवाल्याने विचारावा असा आहे. कारण पिशव्या शंभर तऱ्हांच्या निघतात आणि त्यांतली एखादीच तऱ्हा चालते. बाकीच्या नव्व्याण्णव कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर धूळ खात पडतात. शिवाय या धंद्यात आपले लोक पुष्कळ आहेत. मुंबईत मदनपुरा, धारावी या भागांत सॅक आणि दप्तरे शिवणारे कारखाने आहेत. दहा बाय पंधराच्या खोलीत मशिनी, वरच्या पोटमाळ्यावर झोपायची जागा, आणि मशिनीवर बिहारकडून आलेली पोरे. त्यांचा माल आमच्यासारख्या तालुक्याच्या दुकानांत येऊन टांगला जातो. चलती कशाने होते हे शिवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही कळले पाहिजे. नाहीतर दोघांचीही रक्कम अडकते.

आमच्या लहानपणी दप्तर म्हणजे आईच्या जुन्या लुगड्याची किंवा बापाच्या फाटक्या पँटची पिशवी. बरी परिस्थिती असेल तर पत्र्याची पेटी. ती पावसात पुस्तके कोरडी ठेवी आणि मारामारीत हत्यार म्हणूनही उपयोगी पडे. काही मुलांकडे खाकी कॅनव्हासची, एका खांद्यावरून आडवी घालायची पिशवी असे. मग प्लॅस्टिकच्या वायरीच्या विणलेल्या पिशव्या आल्या. त्या बायका घरी विणत, दोन रंगांच्या चौकटी पाडत, आणि बाजारहाटापासून शाळेपर्यंत सगळीकडे त्याच दिसत. खताच्या रिकाम्या गोणीची पिशवी तर आजही शेताच्या वाटेवर दिसते. पण यांतल्या कशालाही आम्ही फॅशन म्हणणार नाही. ती गरज होती. हाताला जे लागले त्याची पिशवी झाली.

फॅशन म्हणावी अशी आमच्या पाहण्यातली पहिली पिशवी म्हणजे शबनम. तरुण वाचकांना कदाचित नुसते नाव ठाऊक असेल. हातमागाच्या किंवा खादीच्या जाड कापडाची, लांब पट्ट्याची, खांद्याला अडकवून कमरेखाली लोंबणारी पिशवी. तिची रचना मोठी अक्कलहुशारीची होती. खांद्यावरचा पट्टा वेगळा जोडलेला नसे. तोच पट्टा दोन्ही बाजूंनी खाली उतरून पिशवीच्या कुशी आणि तळ बनत असे. त्यामुळे जोड तुटण्याचा प्रश्नच नाही. एक मीटरपेक्षा कमी कापड, ना चेन, ना बकल, ना अस्तर. कोणताही शिंपी अर्ध्या तासात शिवून देई. नावाबद्दल एक गंमत सांगतो. शबनम म्हणजे दव. ढाक्याच्या जुन्या मलमलीच्या एका जातीलाही शबनम म्हणत, कारण संध्याकाळी गवतावर पसरली तर दव पडल्यासारखी दिसेनाशी होई असा तिचा लौकिक. इतक्या तलम कापडाचे नाव या जाडजूड झोळीला पडावे, हा भाषेचा विनोदच म्हणायचा.

शबनमची चलती १९७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रात जोरात होती. ती कोणाच्या खांद्यावर होती ते पाहिले म्हणजे कारण कळते. समाजवादी कार्यकर्ते, राष्ट्र सेवा दलाची मुले, कवी, पत्रकार, नाटकवाले, कॉलेजचे प्राध्यापक. १९७५ ते १९७७ हा आणीबाणीचा काळ. झब्बा, दाढी आणि शबनम म्हणजे हा माणूस सरकारला विचारणारा आहे, वाचणारा आहे, असे लोक समजत. पिशवी स्वस्त होती आणि ती घेतली की माणूस एका जमातीत दाखल होई. आमच्या भागात शिराळा-कराडकडे कॉलेजच्या पहिल्या वर्षाची पोरे, ज्यांनी एकही मोर्चा पाहिला नव्हता, तीसुद्धा शबनम शिवून घेण्यासाठी कापड मागायला येत. त्यांना चळवळ नको होती. चळवळीतला दिसणारा खांदा हवा होता. यात आम्ही त्यांना हसत नाही. माल असाच चालतो. आधी खऱ्या गरजवाल्यांनी वापरावा, मग त्यांच्यासारखे दिसू पाहणाऱ्यांनी घ्यावा, आणि शेवटी सगळ्यांनी घ्यावा म्हणून उरलेल्यांनी घ्यावा.

शबनम गेली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. पावसात आतले कागद भिजत. सारे वजन एका खांद्यावर येई. मोटरसायकलवर बसले की ती मांडीवर घ्यावी लागे, नाहीतर चाकाकडे लोंबे. आणि मुख्य म्हणजे ती मिरवणारी पिढी वयस्कर झाली. बापाच्या खांद्यावरची वस्तू पोरगा सहसा घेत नाही.

आता थोडे परमुलखाकडे वळतो. आमचे चिपळूणकडील एक पाहुणे जहाजावर नोकरीस होते. कोकणातली आपली पुष्कळ माणसे पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर आहेत, हे वाचकांस ठाऊक आहेच. नॉर्वेच्या बंदरात त्यांनी पाहिले की शाळेतल्या पोरीपासून नोकरीवाल्या बाईपर्यंत अर्ध्या लोकांच्या पाठीवर एकाच घाटाची चौकोनी पिशवी. त्यांनी भाचीसाठी एक आणली. आम्ही ती हातात घेतली आणि पहिला विचार आला तो असा की, हिच्यात काय आहे? आपल्या टेलरला दाखवली तर म्हणेल, मास्तर शिकत असताना शिवलेली दिसते. चौकोनी डबा, पुढे एक खिसा, वर दोन कड्या, बारीक पट्टे, आणि एक गोल कोल्ह्याचे चित्र. किंमत विचारली तर हजार क्रोनरच्या आसपास, म्हणजे आपले आठ-नऊ हजार रुपये!

ही पिशवी मूळ नॉर्वेची नव्हे, शेजारच्या स्वीडनची. कंपनीचे नाव फ्येलरेव्हन, म्हणजे डोंगरी कोल्हा. ऑके नुर्डिन या गृहस्थाने १९६० साली ती सुरू केली. पिशवीचे नाव कोंकेन. ऐकायला आपल्या कोकणासारखे, पण त्यांच्या भाषेत त्या शब्दाच्या मुळाशी ओझे वाहण्याचा अर्थ आहे. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये पाठदुखीची फार चर्चा होती आणि एका खांद्यावर पिशवी वाहून लहान मुलांच्या पाठीही बिघडतात असे बोलले जात होते. त्यावर नुर्डिनने १९७८ साली शाळेच्या मुलांसाठी ही दोन पट्ट्यांची पिशवी काढली. माप कशावरून धरले? तिकडे शाळेत वापरतात त्या दोन जाड फाइली शेजारी शेजारी उभ्या राहाव्यात, एवढ्यावरून. चौकोनी घाटाचे गुपित तेवढेच. पहिल्या वर्षी चारशेच नग खपले, दुसऱ्या वर्षी तीस हजारांच्या घरात. आतल्या पाठीकडच्या खिशात एक फोमची गादी असते. ती पाठीला मऊपणा देते आणि बाहेर काढली की ओल्या दगडावर बसायला आसन होते. सगळी पिशवी भरते तीनशे ग्रॅम.

कापडवाल्याला खरी मजा कापडात वाटावी. ते विनायलॉन जातीचे आहे. हा धागा १९३९ साली जपानात तयार झाला. त्याचा गुण असा की पाणी लागले की धागा फुगतो आणि विणीतली भोके आपोआप बुजतात. हे ऐकून आम्हास ट्रकच्या पुढे टांगलेली छागल आठवली. सुती कॅनव्हासची ती पाण्याची पिशवी सुरुवातीला जरा गळे आणि मग धागा फुगला की थांबे. जो गुण आपल्या ड्रायव्हर लोकांना ठाऊक होता, त्यावर दुसऱ्याने जगभर धंदा केला.

पण कापड चांगले म्हणून नॉर्वेत अर्धे लोक ती घेतील असे नव्हे. त्याची कारणे त्या लोकांच्या राहणीत आहेत. नॉर्वेची वस्ती सुमारे ५५ लाख, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याच्या साधारण दुप्पट. सुट्टीच्या दिवशी डोंगरात, रानात पायी जाणे हा त्यांचा रिवाजच आहे, जसा आपल्याकडे पाहुण्यांकडे जाण्याचा. पोरांना शाळेत बहुधा जेवण मिळत नाही; घरचा पाव बांधून न्यायचा. त्यामुळे पाठीवरची पिशवी तिथे आधीपासून घरोघर होती. ओले बर्गन नावाच्या नॉर्वेच्याच माणसाने वाकवलेल्या फांदीवरून कल्पना घेऊन पाठीच्या आकाराची चौकट असलेली पिशवी केली आणि १९०९ साली तिचे पेटंट घेतले. इंग्रजांच्या फौजेत आजही पाठपिशवीला बर्गन म्हणतात ते त्यावरून. त्यांच्या भाषेत पिशवीचा शब्द सेक. आपली सॅक जर्मन भाषेतून फिरत इंग्रजीमार्गे आली, भावकी एकच.

दुसरे असे की त्या मुलखात श्रीमंती मिरवणे असभ्य समजतात. कोणी स्वतःला इतरांपेक्षा मोठे समजू नये, या वृत्तीला तिकडे जान्तेचा कायदा म्हणतात. १९३३ सालच्या एका कादंबरीतून ते नाव आले. अशा लोकांत सोनेरी बकलाची पिशवी चालत नाही. साधी, शाळकरी दिसणारी, पण जाणकाराला किंमत कळेल अशी वस्तू चालते. घाट एकच आणि रंग मात्र पुष्कळ; म्हणून सर्वांसारखे राहूनही माझी पिवळी, तुझी निळी असा आपला वेगळेपणा राखता येतो. आणि तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत मोठी. ती पिशवी लवकर फाटत नाही. आईने शाळेत वापरलेली पिशवी तीस वर्षांनी मुलगी कॉलेजात घेऊन जाते. न फाटणारा माल दुकानदाराला तोट्याचा वाटतो. पण रस्त्यावर टिकून राहिलेली प्रत्येक पिशवी म्हणजे फुकटची पाटी. मुलांसाठी काढलेली वस्तू मोठ्यांची फॅशन झाली ती २०१० नंतर, म्हणजे तिच्या जन्मानंतर तीस वर्षांनी. तोवर ती गल्लीगल्लीत जिवंत होती म्हणूनच ते होऊ शकले.

आता परत शिराळ्याला येऊ. आपल्याकडे सॅक का चालली? इथे कोणी डोंगरात हौसेने फिरायला जात नाही. डोंगर दाराशीच आहे. आमच्या पाहण्यात दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या. मोटरसायकल घरोघर आली आणि हात मोकळे हवे झाले. पोरे वरच्या गावांतून एस.टी.ने येऊ लागली. गर्दीत एका हाताने दांडी धरायची, दुसऱ्या हातात पास. पुस्तके वाढली, शिकवणीच्या वह्या वाढल्या, पाण्याची बाटली आली. एका खांद्यावर ते ओझे पेलेना. त्यात मोठ्या शहरांत नोकरीला गेलेली पोरे कंपनीने दिलेली काळी सॅक पाठीला लावून दिवाळीला गावी येऊ लागली. ती संगणकासाठी केलेली होती, पण गावाने तिच्यात पगार पाहिला. शबनमच्या वेळी प्राध्यापकाने जे काम केले तेच या वेळी त्या पोरांनी केले. पुढच्या जूनला मुले तशीच सॅक मागू लागली, आत संगणक ठेवायच्या कप्प्यासकट. त्या कप्प्यात आजही भूगोलाचे पुस्तक आणि चटणी-भाकरीचा डबा जातो.

उलट एक उदाहरण सांगावेसे वाटते. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी झाली तेव्हा कापडी पिशव्यांना एकाएकी मागणी आली. शिलाईवाल्यांना चार महिने उसंत नव्हती. पण ती मागणी दंडाच्या भीतीची होती. तपासणी ढिली पडली तशी पिशवीही घरी राहिली. कायद्याने ऑर्डर मिळते. चलती मिळत नाही. त्या वेळी नवी मशीन कर्जाने घेतलेल्या एका होतकरू पोराला आम्ही थांब म्हणालो होतो, त्याने ऐकले नाही. असो.

आमचीही एक चूक सांगतो. २००९ साली आम्ही टीव्हीवरच्या एका चित्रपात्राच्या रंगीत सॅक बारा डझन भरल्या. माल यायला जुलै उजाडला. शाळा उघडून तीन आठवडे झालेले, निम्मा माल नागपंचमीच्या यात्रेत पडत्या भावाने काढला आणि उरलेला पुढच्या सालासाठी ठेवला. पुढच्या साली पोरांचे लाडके पात्र बदलले होते! त्याहून वाईट पुढेच आहे. विकलेल्या मालापैकी एक सॅक घेऊन वरच्या गावचा एक शेतकरी परत आला. काउंटरवर ठेवून म्हणाला, “चाचा, आठ दिसांत पट्टा निघाला की ओ. पोरगं पुस्तकं पोटाशी धरून आलं पावसात.” आम्ही पैसे परत करू लागलो तर म्हणाला, “पैसं नगंत, पट्टा लावून द्या. पोराला चित्र आवडतंय.”

त्या दिवशी शेजारच्या टेलर मास्तरांना बसवून ती सॅक उसवली. बाहेरून चकचकीत, आत नुसता कारभार. पट्टा वरच्या शिवणीत जेमतेम एक सूत घेतलेला, त्यावर एकेरी टाका, धागा सुती. तळाचे कापड वरच्यापेक्षा पातळ. अस्तर लावलेले ते मजबुतीसाठी नव्हे, झाकण्यासाठी. हुजूर (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढला, तो प्रसंग आपल्यातील प्रत्येक दुकानदाराने मदरशात ऐकलेला असतो. सॅक ही तशीच रास आहे. ओलावा अस्तराखाली असतो. आम्ही हात घातला नव्हता, हा आमचा दोष.

तेव्हापासून माल पाहण्याची आमची रीत बदलली, ती इतर दुकानदारांच्या उपयोगाची आहे म्हणून लिहितो. सॅक तीन ठिकाणी मरते: पट्ट्याचा वरचा जोड, चेनचा रनर आणि तळाचे कोपरे. पट्टा शिवणीच्या आत चांगला दोन बोटे गेलेला हवा आणि त्यावर चौकट घालून आत फुली मारलेली हवी. धागा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा. टाका फार बारीकही नको. भोके जवळजवळ पडली की जाड कापड तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते. कापडाला डेनियर विचारावे. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममध्ये जे वजन, तो डेनियर. सहाशे म्हटले म्हणजे तेवढा धागा सहाशे ग्रॅम भरला पाहिजे. पण नुसत्या डेनियरवर जाऊ नये, कारण वीण विरळ असेल तर जाड धाग्याचेही कापड पोकळ निघते. उजेडासमोर धरले की कळते. आतला लेप नखाने खरवडून पाहावा. आमच्या तालुक्यात पश्चिमेला चांदोलीकडे जो पाऊस पडतो, त्याला पापुद्रा सुटणारा लेप एक महिना पुरत नाही.

रिकाम्या सॅकचे वजनही बघावे, आणि हे फार थोडे दुकानदार बघतात. दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असा आदेश राज्य सरकारने २०१५ साली काढला. पोर पंचवीस किलोचे असेल तर अडीच किलोची मर्यादा. आता जाड फोम, सहा कप्पे, लोंबत्या चेना असलेली सॅक रिकामीच पाऊण किलो भरली, तर तीस टक्के ओझे पिशवीनेच खाल्ले, पुस्तकांना उरले पावणेदोन किलो. गिऱ्हाईक कप्पे मोजते, कारण आपण त्याला कप्पे दाखवतो. त्या परदेशी पिशवीला मोजकेच खिसे आणि आत एक पोट आहे, आणि ती आठ हजाराला जाते.

राहिला नावाच्या पट्टीचा प्रश्न. नामांकित कंपनीचे बिल्ले शिवून माल खपवण्याचा मोह आपल्या कारखानदार भावांना होतो, आणि दुकानदारही तोच माल मागतात. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्यात यासाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, विकणाऱ्यालाही तोच. धाड पडते तेव्हा सापडतो तो मशिनीवर बसलेला वीस वर्षांचा पोरगा. बिल्ले पुरवणारा कधी सापडत नाही. शिवाय धंद्याच्या दृष्टीनेही यात खोट आहे. दुसऱ्याचे नाव शिवले की उत्तम शिलाईचे श्रेयही त्यालाच जाते. मदनपुऱ्यातल्या कारागिराचा हात कोणत्याही कंपनीच्या कारागिरापेक्षा कमी नाही; पण वीस वर्षे शिवूनही गिऱ्हाइकाला त्याचे नाव ठाऊक नसते.

टेलर मास्तरांनी त्या पोराच्या सॅकला पट्टा लावून दिला, चौकट आणि फुली मारून. ती त्याने दहावीपर्यंत वापरली. चित्र कधीच उडून गेले होते. त्यानंतर लोक आपणहून सॅक घेऊन दुरुस्तीला येऊ लागले. तयार कपड्यांमुळे मास्तरांचे शर्ट-पँटचे काम निम्म्यावर आले होते. आता जून-जुलैत पट्टे, रनर आणि तळ बदलण्याचे काम त्यांच्याकडे रांगेने असते.

यंदा माल भरण्यापूर्वी आम्ही मुंबईच्या तीन कारखान्यांतून पाच नमुने मागवले. प्रत्येकात दहा किलो तांदळाची पिशवी घालून, एकाच पट्ट्यावर, दुकानातल्या खुंटीला रात्रभर टांगून ठेवले. सकाळी शटर उघडले तर दोन खाली पडलेल्या. उरलेल्या तिघींपैकी एकीची शिवण ताणलेली. त्या कारखानदाराला फोन करून फुलीचा टाका घालायला सांगितला. म्हणाला, नगामागे चार रुपये वाढतील. आम्ही हो म्हटले.